तंबाखू सोडली आणि बाबांचं तोंड आलं. निकोटिन प्रतिकारशक्तीचं नेमकं काय करतं?

कृष्णाकाठ | १३ एप्रिल २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. बाबा ६२ वर्षांचे आहेत. एसटीत चालक होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तंबाखू-चुना ३५ वर्षं, आणि गाडी मुक्कामी असली की बिडी. यंदा ३० मार्चला गुढी उभारून झाली आणि त्यांनी स्वतःहून डबी माझ्या हातात दिली. "आजपासून बंद" एवढंच म्हणाले. घरात कुणी तगादा लावला नव्हता. माझी मुलगी त्यांनी उचलून घेतलं की तोंड फिरवायची, ते मनाला लागलं असावं.

पहिले आठ दिवस चिडचिड, झोप उडालेली, पोट साफ नाही. याची तयारी ठेवली होती. पण दहाव्या दिवसापासून तोंड आलंय. ओठाच्या आतून आणि जिभेच्या कडेला मिळून पाच-सहा फोड. भाकरी खाता येत नाही, ताकभातावर आहेत. त्यातच सर्दी-खोकला झाला. आता बाबा म्हणतात, "पस्तीस वर्षांत तोंड कधी आलं नाही, सर्दीनं कधी झोपलो नाही. तंबाखूनं मला धरून ठेवलं होतं." काका रोज येऊन सांगतात की शरीराला सवय असते, एकदम तोडायची नसते, सकाळ-संध्याकाळ चिमूट घे. बाबांचा निश्चय डळमळायला लागलाय.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तंबाखूमुळे खरंच प्रतिकारशक्ती टिकून राहते का? आणि असं कुणाकडे झालंय का?

—

सोनचाफा | १३ एप्रिल, रात्री १०.१५

झालंय. अगदी असंच. आमच्या ह्यांनी सिगारेट सोडली तेव्हा तोंडात फोड यायचे आणि जायचे. तेव्हा कुणी सांगितलं असतं की हे होतं, तर आम्ही इतके घाबरलो नसतो. साधारण सव्वा महिन्यानं थांबलं ते पुन्हा आलं नाही. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

बाबांना माझा नमस्कार सांगा. स्वतःहून डबी हातात देणं सोपं नाही.

—

दंतकथा | १३ एप्रिल, रात्री ११.०५

मी दातांची डॉक्टर आहे, म्हणून आधी कामाचं सांगते, बाकी चर्चा नंतर.

तंबाखू किंवा सिगारेट सोडल्यावर तोंडात फोड येणं हे आमच्या पुस्तकांत आहे. सिगारेट सोडणाऱ्यांच्या एका पाहणीत पाचांपैकी दोघांनी ही तक्रार सांगितली होती, आणि बहुतेकांना ती पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू झाली होती. हे फोड लहान, गोल, मध्ये पिवळट-पांढरे आणि कडेनं लाल असतात. प्रचंड दुखतात. एक बरा होतो, दुसरीकडे दुसरा उठतो. प्रत्येक फोड आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरतो.

मात्र ज्या तोंडात ३५ वर्षं तंबाखू धरली गेली, त्या तोंडातला प्रत्येक फोड "सोडल्यामुळे आला असेल" म्हणून सोडून द्यायचा नसतो. न दुखणारी जखम, बोटाला कडक लागणारी जखम, एकाच जागी दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कानात कळ जाणं, यातलं एकही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. तंबाखूची गोळी ते कुठे ठेवायचे? खालच्या ओठाच्या आत की गालात? ती जागा टॉर्च लावून तुम्ही स्वतः बघा. आणि आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, तेही बघा.

फोडांसाठी तूर्त मीठ घालून कोमट पाण्याच्या गुळण्या. तिखट आणि गरम चहा बंद. दुखणं फार असेल तर लावायचं जेल डॉक्टर देतील. हळद-तुरटी रगडू नका, ओल्या जखमेवर आग होते.

—

मुसाफिर | १४ एप्रिल, सकाळी ८.३०

वाईट वाटून घेऊ नका, पण बाबांच्या बोलण्यात थोडं तथ्य असू शकेल. माझे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते, दवाखान्याची पायरी चढले नाहीत. मी मध्यंतरी वाचलं होतं की निकोटिन सूज कमी करतं आणि त्यावर परदेशात औषधं शोधताहेत. मग ते प्रतिकारशक्तीला मदतच करत असेल ना?

—

पेशीपुराण | १४ एप्रिल, दुपारी २.२०

मुसाफिर, तुम्ही वाचलं ते खरं आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि दरवर्षी वर्गात कुणीतरी हाच प्रश्न विचारतं, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

पेशीवर संदेश घेणारी एक जागा असते, ही कल्पनाच मुळात निकोटिनमुळे सुचली. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी स्नायूवर निकोटिन टाकून प्रयोग केले आणि १९०५ साली लिहिलं की पेशीत काहीतरी 'ग्रहण करणारा पदार्थ' असला पाहिजे. आज आपण त्याला रिसेप्टर म्हणतो. आपल्या शरीरातल्या मज्जातंतूंचा स्वतःचा निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. निकोटिन त्याच्यासारखं दिसतं, म्हणून त्याच्या कुलुपात शिरतं. या कुलपांच्या एका घराण्याला निकोटिनिक रिसेप्टर असंच नाव पडलं.

ही कुलपं फक्त मेंदूत आणि स्नायूत आहेत असं बराच काळ वाटत होतं. न्यूयॉर्कजवळच्या केविन ट्रेसी यांच्या गटानं २००० साली दाखवलं की उंदरांच्या व्हेगस या मज्जातंतूला विजेनं चाळवलं, तर जंतूंच्या विषानं उठणारा दाह ओसरतो. पुढे २००३ मध्ये त्याच गटानं त्यामागचं कुलूप शोधलं. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, त्यांच्या अंगावर अल्फा-७ जातीचा निकोटिनिक रिसेप्टर असतो. तो चालू झाला की ती पेशी टीएनएफ नावाचं रसायन सोडणं कमी करते. टीएनएफ म्हणजे गावात दरोडा पडल्यावर देवळाची घंटा वाजवावी तसं. ती घंटा ऐकून बाकीच्या पेशी धावतात. जागा लाल होते, सुजते, दुखते, ताप येतो.

शरीराला ही घंटा थांबवण्याची सोय हवीच, नाहीतर किरकोळ जखमेनंसुद्धा माणूस दगावेल. व्हेगस ते काम गरजेपुरतं करतो: वाजू दे, पुरे झालं, थांब. तंबाखू खाणारा माणूस सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत त्या कुलपात बाहेरची किल्ली घालून ठेवतो. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, आणि दर दीड-दोन तासांनी चिमूट घेणाऱ्याचा हात बरोबर त्याच वेळी डबीकडे जातो. म्हणजे घंटेची दोरी दिवसभर बांधलेली.

"सर्दीनं कधी झोपलो नाही" या वाक्याबद्दल एक प्रयोग सांगते. अमेरिकेत अल्बुकर्क इथे मोहन सोपोरी यांच्या गटानं उंदीरवर्गी प्राण्यांना कातडीखाली बसवलेल्या बारीक पंपातून काही आठवडे शुद्ध निकोटिन दिलं. धूर नाही, तंबाखू नाही, चुना नाही. त्यांच्या टी-पेशी (जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) संदेश आला तरी नीट पेटेनाशा झाल्या, प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्या. मग त्यांना फ्लूच्या विषाणूची लागण केली. निकोटिनवर असलेल्या प्राण्यांमध्ये दाह कमी दिसला. आणि त्यांच्याच फुप्फुसांत विषाणूची संख्या जास्त निघाली.

माझं सगळं म्हणणं या एका निकालात आहे. लक्षण कमी, जंतू जास्त. सर्दी-ताप ही लक्षणं बहुतांशी आपल्याच पेशींच्या लढण्याची असतात. ती दिसली नाहीत म्हणजे शत्रू आला नाही असं होत नाही. प्राण्यांत दिसलं ते माणसात तंतोतंत तसंच घडतं असं मी म्हणणार नाही, पण माणसांचे आकडे याच दिशेला बोट दाखवतात. धूम्रपान करणाऱ्यांना न्यूमोकोकसचा (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूचा) गंभीर संसर्ग होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या चौपट असल्याचं २००० साली अमेरिका-कॅनडातल्या एका अभ्यासात आढळलं, आणि ती माणसं साठ-पासष्टच्या आतली, एरवी धडधाकट होती. हिपॅटायटिस बीची लसही धूम्रपान करणाऱ्यांत कमी प्रमाणात लागू पडते.

तुमच्या आजोबांबद्दल: नव्वदी गाठलेले आजोबा नातवाला आठवतात. त्यांच्याबरोबर पारावर बसून तंबाखू मळणारे जे साठीत गेले, त्यांची आठवण त्यांच्या घरी निघते.

—

मुसाफिर | १४ एप्रिल, दुपारी ४.०५

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आजोबांचे दोन भाऊ लवकर गेले होते, एक घशाच्या आजारानं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. धन्यवाद.

—

शनिवारपेठी | १४ एप्रिल, रात्री ९.५०

या विषयावर माझं शरीरच पुरावा आहे, म्हणून लिहितो.

मी २०१७ मध्ये सिगारेट सोडली. दिवसाला दहा-बारा ओढायचो. आठ महिन्यांनी शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून दोन महिने घालवले, शेवटी दुर्बिणीनं तपासणी झाली आणि निदान निघालं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरावर स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेनं धरलेला दाह. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सिगारेट कधी सोडलीत?" मी चक्रावलो.

हा संबंध १९८२ साली ब्रिटनमध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी मांडला. त्यांच्या कोलायटिसच्या रुग्णांत चालू धूम्रपान करणारे आश्चर्य वाटावं इतके कमी होते. पुढे अनेक ठिकाणी तेच दिसलं, आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा आजार उद्भवण्याचा धोका वाढतो हेही. मग १९९४ मध्ये कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचा प्रयोग झाला. ७२ रुग्ण, सहा आठवडे. पट्टी लावलेल्या ३५ पैकी १७ जणांची लक्षणं पूर्ण गेली, नुसती साधी पट्टी लावलेल्या ३७ पैकी ९ जणांची. हे वाचलं त्या रात्री मी टपरीपर्यंत जाऊन परत आलो होतो. खोटं कशाला सांगू.

डॉक्टरांनी त्यानंतरचा भाग सांगितला. पुढच्याच वर्षी, आजार आटोक्यात ठेवायला पट्टीचा उपयोग होतो का हे तपासलं, तेव्हा फायदा दिसला नाही. मळमळ, डोकं हलकं होणं, झोपेचा बिघाड हे मात्र होतं. आणि आतड्याचाच दुसरा भाऊबंद आजार, क्रोन्स, तो धूम्रपानानं सरळ बिघडतो. शस्त्रक्रियेची वेळ लवकर येते. एकाच आतड्यात एकाला उतार आणि दुसऱ्याला चढ. डॉक्टर म्हणाले, "निकोटिन जिथे दाबायचं तिथेच दाबत नाही. ते सगळीकडे जातं. तुझ्या आतड्यासाठी घेशील आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतील." मला मेसालामाइन हे औषध लागू पडलं. अधूनमधून उठतं, पण नोकरी, ट्रेक सगळं चालू आहे. सिगारेटला पुन्हा हात लावला नाही.

कृष्णाकाठ, बाबांना सोडल्यानंतर त्रास होतोय हे खरंच आहे, तो त्यांच्या मनाचा खेळ नाही. त्यांना तसं स्पष्ट सांगा. "काही होत नाही, तुम्हालाच वाटतंय" असं ऐकलं की माणूस डबीकडे वळतो. मी जवळजवळ वळलो होतो.

—

उत्तरायण | १५ एप्रिल, पहाटे १.३०

गोथेनबर्गमधून लिहितोय. इथे स्नूस म्हणून ओली तंबाखू मिळते, छोट्या पुडीत, वरच्या ओठाखाली ठेवतात. युरोपीय संघात विक्रीला बंदी आहे, फक्त स्वीडनला सवलत. त्यामुळे निकोटिन भरपूर पण धूर नाही, अशी लाखो माणसं इथल्या संशोधकांना आयती मिळाली.

संधिवाताचं (आमवाताचा तो प्रकार, ज्यात प्रतिकारयंत्रणा सांध्यांवर उलटते) उदाहरण बघा. सिगारेट ओढणाऱ्यांत तो स्पष्टपणे वाढतो, विशेषतः ज्यांच्यात ठरावीक जनुकं आहेत त्यांच्यात. स्नूसवाल्यांत तशी वाढ दिसली नाही. इथल्या संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांची रचना किंचित बदलते, त्यातल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं. मग प्रतिकारयंत्रणा त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून प्रतिपिंडं बनवते, आणि ती पुढे सांध्यांना भिडतात. रक्ताच्या तपासणीत अँटी-सीसीपी लिहिलेलं असतं ना, ती हीच प्रतिपिंडं.

म्हणून धूर आणि निकोटिन वेगवेगळं मोजायला हवं. धूर प्रतिकारयंत्रणेला चिथावतो, निकोटिन तिला गप्प बसवतं, आणि बिडी ओढणारा दोन्ही एकाच झुरक्यात घेतो. एका हातानं चिमटा, दुसऱ्या हातानं तोंड दाबणं. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली दिसते आणि तरी संसर्ग जास्त होतात.

पण यावरून कुणी "मग खाण्याची तंबाखू बरी" असा अर्थ काढला तर मला फार वाईट वाटेल. स्वीडिश स्नूस वाफेवर तापवून करतात, त्यात नायट्रोसामाइन ही कर्करोग करणारी रसायनं तुलनेनं कमी ठेवलेली असतात. आपल्याकडची तंबाखू, खैनी, गुटखा यांत त्यातलीच एनएनएन आणि एनएनके ही रसायनं कितीतरी जास्त आणि वर चुन्यानं भाजलेलं अस्तर. गुटख्यात सुपारीही असते आणि ती स्वतःच कर्करोगकारक आहे. दोन्हींची तुलना होऊच शकत नाही.

—

थुंकीतपासणी | १५ एप्रिल, सकाळी ७.१५

मी क्षयरोग कार्यक्रमात काम करते. नाव असं का घेतलं ते कळलंच असेल.

इतका वेळ सगळे वाचत होते आणि क्षयाचं नाव कुणी घेतलं नाही याची रुखरुख लागली. पेशीपुराण ताईंनी ज्या भक्षक पेशी सांगितल्या, क्षयाचा जंतू नेमका त्यांच्याच पोटात राहतो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या छातीत तो झोपलेला आहे आणि भक्षक पेशींनी त्याला कोंडून ठेवलंय. ती पेशी गिळलेल्या जंतूला स्वतःच्या आत पचवून टाकते. प्रयोगशाळेत माणसांच्या भक्षक पेशींना निकोटिन दिलं तेव्हा ही पचवण्याची क्रिया मंदावली आणि जंतू जास्त जगले. घंटा वाजवणंच नाही, तुरुंगाचं दारही ढिलं होतं.

चेन्नईच्या संशोधकांनी २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तमिळनाडूतल्या हजारो मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयानं मरण्याचं प्रमाण धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत न करणाऱ्यांच्या चौपट आणि त्याहून जास्त. भारतात पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांशी धूम्रपानाचा संबंध असावा असा त्यांचा अंदाज होता. फुप्फुसाचा कर्करोग सगळ्यांना माहीत असतो. बिडीमुळे क्षय बळावतो हे गावात कुणालाच माहीत नसतं.

मी रोज बघते. गोळ्या वेळेवर घेणारा माणूस, दोन महिन्यांनी थुंकी तपासली तरी जंतू दिसतात, आणि खिशात बिडीचं बंडल. रागवून उपयोग नसतो. मी त्यांना सांगते, काका, गोळी बाहेरून मारते, पण आतले शिपाई तुमचेच आहेत, त्यांना दिवसभर गुंगीत ठेवू नका. काही ऐकतात.

कृष्णाकाठ, बाबांचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर "तंबाखू सोडल्याचा खोकला" म्हणून बसू नका. बेडका तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होतं.

—

वेदगंगा | १५ एप्रिल, दुपारी १२.४०

माझं माहेर निपाणीजवळ. तंबाखूच्या वखारीत आजीचं अर्धं आयुष्य गेलं. इथे सगळे बाबा-काका-आजोबांबद्दल लिहिताहेत, म्हणून बायकांबद्दल लिहिते.

आमच्याकडे प्रत्येक घरात मिश्रीचा डबा असायचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळी उठल्याबरोबर बोटानं हिरड्यांना चोळायची. आजी, आई, दोन्ही काकू. त्याला कुणी व्यसन म्हणत नसे, "दात घासणं" म्हणत. दिवसातून चार-पाच वेळा दात घासायच्या. पोटात मूल असतानाही. विचारलं तर एकच उत्तर: मिश्रीनं हिरड्या घट्ट राहतात, रक्त येत नाही.

आज हा धागा वाचताना ते वाक्य आठवून अंगावर काटा आला. आईच्या हिरड्यांतून खरंच कधी रक्त आलं नाही. आणि पंचावन्नाव्या वर्षी एकेक करत सगळे दात हलायला लागले. दंतकथा, याचा संबंध आहे का?

आणखी एक. पावसात किंवा दव पडलेलं असताना तंबाखूचं ओलं पान खुडणाऱ्यांना मळमळ, उलट्या, चक्कर होते. निकोटिन कातडीतूनच अंगात जातं. लहानपणी आम्हाला वाटायचं ऊन लागलं.

—

दंतकथा | १५ एप्रिल, दुपारी ३.३०

वेदगंगा ताई, संबंध आहे, आणि तुमच्या आईसारख्या बायका मी दर आठवड्याला बघते.

हिरडीतून रक्त येणं ही तक्रार असते. दातांच्या मुळाशी जंतूंचा थर साचला की हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, पेशी तिथे गोळा होतात, ब्रश लागला की रक्त येतं, आणि माणूस आमच्याकडे येतो. तंबाखूच्या वापरानं ही सूजच दबते. धूम्रपान करणाऱ्यांत हे फार नीट दिसलेलं आहे, की हिरड्या फिकट, टणक, रक्त येत नाही, आणि आत मात्र हाड झिजत चाललेलं. मिश्री चोळणाऱ्यांच्या हिरड्या तर मागे सरकून मुळं उघडी पडलेली असतात. जिला आपण 'घट्ट हिरडी' म्हणतो ती मुकी झालेली हिरडी असते.

आपल्या राज्यात हा प्रश्न मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपली लढाई मुख्यतः तोंडातली आहे, आणि सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र मिश्री लावणाऱ्या बायकांना आपलं वाटतच नाही.

—

मुसाफिर | १५ एप्रिल, सायंकाळी ६.१०

एक शंका. मग सोडताना जी निकोटिनची च्युइंग गम किंवा पट्टी देतात, त्यानंही प्रतिकारशक्ती दबणार ना? आणि कोविडच्या वेळी निकोटिनच्या पट्टीबद्दल काहीतरी आलं होतं.

—

पेशीपुराण | १५ एप्रिल, रात्री १०.००

चांगली शंका. पट्टीतून निकोटिन हळूहळू आणि मोजकं मिळतं, ते बहुधा आठ-बारा आठवड्यांचं असतं आणि उतरत नेऊन बंद करतात. सोबत धूर, नायट्रोसामाइन, चुना काही नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर निदान चार आठवडे तंबाखू बंद ठेवायला सांगतात, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजन अडवतो, मग जखम भरत नाही. तिथेही पट्टी लावून सोडणाऱ्यांचं नुकसान झाल्याचं दिसत नाही, आणि ओढत राहणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी बरे. पट्टीमुळे यशस्वीपणे सोडणाऱ्यांचं प्रमाण साधारण दीडपट होतं. ३५ वर्षांच्या सवयीसमोर तीन महिन्यांचा हा सौदा मी कधीही मान्य करीन. तोंडात फोड असताना गम चावणं जड जाईल, तेव्हा पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा.

कोविडचं असं झालं: एप्रिल २०२० मध्ये पॅरिसमधल्या काही शास्त्रज्ञांनी शक्यता मांडली की निकोटिन संरक्षण देत असावं. लोकांनी पट्ट्यांसाठी इतकी धाव घेतली, की फ्रान्स सरकारला विक्रीवर मर्यादा घालावी लागली. पुढे रीतसर चाचणी झाली. कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांना पट्टी लावून मृत्यू कमी झाले नाहीत.

आणि बाबांसाठी एक गोष्ट. पॅरिसच्याच पाश्चर संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २० ते ६९ वयाची १००० निरोगी माणसं, त्यांच्या रक्ताला वेगवेगळे जंतू आणि उत्तेजकं देऊन प्रतिसाद मोजला. धूम्रपान करणाऱ्यांत दाहाचा पहिला, ताबडतोबीचा प्रतिसाद बिघडलेला होता, पण सोडलेल्यांत तो लवकर पूर्वपदावर आलेला दिसला. आठवण ठेवणाऱ्या टी आणि बी पेशींच्या प्रतिसादातला बदल मात्र सोडल्यावरही दहा-पंधरा वर्षं रेंगाळत होता, कारण डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या. हा अभ्यास सिगारेटचा आहे, चघळण्याच्या तंबाखूचा नाही, तेव्हा जसाच्या तसा लावू नका. पण ते वाचून मला "आता उशीर झाला" असं वाटलं नाही. ६२ व्या वर्षी सोडलं तर ती पंधरा वर्षं आजपासून मोजायला लागतात.

—

कृष्णाकाठ | २७ एप्रिल, रात्री ८.५५

उशिरा लिहितोय, माफ करा. मध्ये धावपळ होती.

दंतकथा ताई, तुमचं वाचून त्याच रात्री टॉर्च लावली. फोड तुम्ही लिहिले तसेच होते. पण खालच्या ओठाच्या आत डाव्या बाजूला, जिथे ते गोळी ठेवायचे, तिथे रुपयाएवढा पांढरट, सुरकुतलेला चट्टा दिसला. बोटानं पुसून जात नव्हता. त्यांना कधीच दुखला नव्हता. दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवस आम्ही घरात एकमेकांशी नीट बोललो नाही. शुक्रवारी अहवाल आला. कर्करोग नाही. तंबाखूनं जाड झालेली कातडी आहे, पेशींत बदल सौम्य आहेत. डॉक्टर म्हणाले की सोडलेलीच राहिली तर चट्टा फिका पडण्याची चांगली शक्यता आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

फोड गेले. खोकलाही थांबला, तरी थुंकी तपासून घेतली, काही निघालं नाही.

हा सगळा धागा मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. देवळाच्या घंटेपाशी त्यांनी हात वर करून थांबवलं, म्हणाले, "पुन्हा वाच." काका पण बसले होते. ते काही बोलले नाहीत. जाताना मात्र तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनचा नंबर लिहून दे म्हणाले. १८००-११-२३५६ दिलाय, फुकट आहे, मराठीतही बोलतात असं कळलं.

आता एकच. परवापासून बाबांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतंय. आयुष्यात पहिल्यांदा. ते घाबरून ब्रशच करत नाहीयेत. काय करू?

—

दंतकथा | २७ एप्रिल, रात्री ९.२०

ब्रश चालूच ठेवायचा. मऊ दातऱ्यांचा घ्या, दोन वेळा, हलक्या हातानं, हिरडीच्या कडेनं. दबलेली सूज आता दिसायला लागलीय, थर साचलेला आधीपासूनच असणार. येत्या आठवड्यात दात साफ करून घ्या आणि हाड किती झिजलंय त्याचा एक्स-रे काढा. आणि बाबांना सांगा, रक्त आलं म्हणून आता आपल्याला कळलं तरी.